गोवा सत्याग्रह: पोर्तुगीज लष्करी कोर्टाचा निकाल कसा वाचायचा?

तळकोकणी (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे. आरोंदा, सातार्डा, बांदा, दोडामार्ग या पट्ट्यातून गोवामुक्तीसाठी गेलेल्यांचा एक तक्ता वाचनालयाच्या भिंतीवर लावायचं ठरतंय. रकाने साधे: नाव, गाव, कधी पकडले, कोर्टाने काय शिक्षा दिली, सुटका कधी.

सत्याग्रहींची नावं मिळतात, शिक्षेपाशी घोडं अडतं. एका घरातून पोर्तुगीज कागदाची झेरॉक्स आली. टाइप केलेला आहे, शिक्के आहेत. पोर्तुगीज कोणालाच येत नाही. मोबाईलवर भाषांतर केलं तर निघालं ते असं: आरोपी 'पत्रकार', जन्म पेडण्याचा (म्हणजे गोव्यातला), 'भारत राज्यात' पकडला, शिक्षा 8 वर्षे, वर दंड, आणि आणखी 15 वर्षांचं काहीतरी. घरचे सांगतात की माणूस मजूर होता, लिहिता-वाचताही येत नव्हतं, आणि शिक्षा 6 वर्षांची होती. 1954 च्या ऑगस्टात पकडला, 1959 सरताना घरी आला.

मग कागद खरा की घरचे? हा लष्करी कोर्टाचा निकाल असेल तर साध्या मजुरावर लष्करी कोर्टात खटला चाललाच कसा? आणि बाकीचे सत्याग्रही 1957 त सुटले असं सगळीकडे वाचतो, मग हा माणूस आणखी अडीच-तीन वर्षं आत का?

भावनिक प्रतिसाद नकोत, ते भाषणात येतीलच. कागद कसा वाचायचा आणि पुढे कुठे विचारायचं तेवढं सांगा.

---

दफ्तरखाना

आधी कोर्टाचं बघू, कारण ते कळल्याशिवाय कागद उलगडत नाही.

पोर्तुगालात 28 मे 1926 ला लष्कराने सत्ता घेतली. सालाझार 1928 मध्ये अर्थमंत्री झाला, 1932 मध्ये पंतप्रधान, आणि 1968 पर्यंत खुर्चीत राहिला. 1933 ची त्याची राज्यघटना चाळली तर तुम्ही चकित व्हाल. कलम 8 मध्ये भाषण, सभा, संघटना सगळी स्वातंत्र्यं ओळीने लिहिलेली आहेत. त्याच कलमाच्या पोटात मग एक वाक्य येतं की या स्वातंत्र्यांचा वापर खास कायद्यांनी नियंत्रित केला जाईल. सगळी मेख तिथे आहे. हक्क कलमात दिले आणि पोटकलमात काढून घेतले. गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या शिक्क्याशिवाय छापता येत नव्हती ती याच कारभारात.

दुसरा धागा वसाहतीचा. 1951 मध्ये घटना बदलून 'वसाहत' हा शब्द काढला आणि गोवा हा पोर्तुगालचा 'सागरपारचा प्रांत' झाला. हा नुसता शब्दांचा खेळ नव्हता. गोवा हे पोर्तुगालच असेल तर 'गोवा भारतात जावा' म्हणणारा माणूस देशाचा तुकडा पाडणारा ठरतो. त्यामुळे पत्रक वाटणं, तिरंगा लावणं, 'जय हिंद' म्हणणं ही राज्याच्या सुरक्षेविरुद्धची कृत्यं झाली, आणि अशी प्रकरणं गोव्यात 'त्रिबुनाल मिलितार तेरितोरियाल' म्हणजे प्रादेशिक लष्करी कोर्टाकडे जात. तुमचा मजूर तिथे पोचला तो या वाटेने. त्याच्याकडे शस्त्र होतं की नव्हतं याला महत्त्वच नव्हतं.

ही वाट 1946 पासूनची. 18 जूनला मडगावला लोहिया आणि ज्युलियांव मिनेझिस यांची सभा झाली. त्यानंतर त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना पकडून लष्करी कोर्टापुढे उभं केलं. त्यांना 8 वर्षांची शिक्षा होऊन पोर्तुगालातल्या पेनिश किल्ल्यात धाडलं. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे, जुझे इनासियु लोयोला हेही तिकडेच गेले. नागरिकाला लष्करी कोर्टात खेचायचं हे तेव्हापासून सरावाचं झालं.

कोर्टाचा साचा असा: अध्यक्ष लष्करी अधिकारी, जोडीला कायदा शिकलेला एक न्यायाधीश, त्याला 'आउदितोर' म्हणत. सरकारी बाजू मांडणारा तो 'प्रोमोतोर'. आरोपीकडे वकील नसेल तर कोर्टच एक बचाव करणारा नेमून देई, त्याच्या हुद्द्यापुढे 'ओफिसिओझु' असं लागतं. कागदावर हा शब्द दिसला तर घरच्यांनी वकील दिला होता असं तक्त्यात लिहू नका.

पुरावा म्हणून मुख्य कागद असे तो पोलिसांपुढचा जबाब. तो पोर्तुगीजमध्ये लिहिलेला. आरोपी मराठी किंवा कोकणी बोलणार, मधला दुभाषी त्याला जमेल तेवढं सांगणार, कारकून ते कोर्टाच्या भाषेत उतरवणार, खाली सही किंवा अंगठा. म्हणून जबाबातलं वाक्य 'ते म्हणाले' अशा अवतरणात कधीच देऊ नका. ते वाक्य कारकुनाचं असतं.

फाशीचं कोणी विचारेलच म्हणून: पोर्तुगालने सामान्य गुन्ह्यांसाठीची फाशी 1867 मध्येच रद्द केली होती. त्यामुळे या कोर्टाचा सगळा भर लांबलचक कैदेवर आणि हद्दपारीवर.

---

मोडीवाला

दफ्तरखाना यांनी मुळापासून सांगितलंय. मी कागदावर येतो. तुमचं मोबाईल भाषांतर तीन ठिकाणी फसलंय, आणि तिन्ही जुन्या ओळखीच्या जागा आहेत.

'पत्रकार' हा बहुतेक जोर्नालेइरु असणार. याचा अर्थ रोजंदारीवरचा मजूर. 'जोर्नाल' म्हणजे मुळात दिवसाची मजुरी, वर्तमानपत्र हा अर्थ नंतरचा. पत्रकाराला जोर्नालिश्ता म्हणतात. शेवट नीट बघा. घरचे बरोबर सांगताहेत. शेतकऱ्याला लाव्रादोर म्हणतात.

'भारत राज्य' म्हणजे इश्तादु द इंदिया. हे पोर्तुगीज हिंदुस्थानचं सरकारी नाव, म्हणजे गोवा, दमण, दीव. आपला भारत त्या कागदांत उनियांव इंदियाना या नावाने येतो. या एका गल्लतीने अख्ख्या यादीत अटकेची जागा उलटी लागलेली पाहिली आहे. नोव्हा गोवा म्हणजे पणजी, व्हेल्या गोवा म्हणजे जुने गोवे. डिचोली 'बिशोलिं', साखळी 'सांकेलिं', सांगे 'सांगें', केपे 'केपें' असं वाचलं जातं.

तिसरी गोष्ट 8 आणि 6 ची. कागदात आकड्याच्या आसपास दिगु असा छोटा शब्द आहे का बघा. शब्दशः अर्थ 'म्हणजे मी म्हणतो'. कारकुनाचं लिहिताना चुकलं की तो खाडाखोड करत नसे, कारण खाडाखोड केलेला कागद संशयास्पद. तो चुकीचा शब्द तसाच ठेवून पुढे 'दिगु' लिहून बरोबर शब्द घाली. म्हणजे 'दिगु'च्या आधीचं रद्द, नंतरचं खरं. गोव्यातल्या जुन्या खरेदीखतांतही हेच. भाषांतर करणारं यंत्र दोन्ही आकडे पाहतं आणि पहिला उचलतं.

आकडे अक्षरांत असतील तर सावकाश वाचा. त्रेश म्हणजे 3 आणि त्रेझ म्हणजे 13. सेइश 6, सेत 7, ओइतु 8, देझ 10. सेसेंता 60, सेतेंता 70. पुसट झेरॉक्सवर सेसेंता-सेतेंता ओळखणं जिकिरीचं. तारीख-महिना-वर्ष हा क्रम आपल्यासारखाच, तिथे घोळ नाही.

नावाच्या पुढची ओळ सगळ्यात कामाची. फिल्यु द म्हणजे अमक्याचा मुलगा, नातुराल द म्हणजे जन्मगाव, मोरादोर म्हणजे राहणारा, सोल्तेइरु अविवाहित, काझादु विवाहित. जन्मगाव आणि राहण्याचं गाव वेगळं असेल तर दोन्ही टिपा. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे, पण ते दुसरं कोणीतरी जास्त नीट सांगेल.

आता नावं. त्या काळच्या पोर्तुगीज वर्णमालेत के, डब्ल्यू आणि वाय ही रोमन अक्षरं नव्हती. त्यामुळे आडनावाच्या शेवटचं 'कर' सी ने लिहितात: शिरोडकर, काकोडकर यांत के शोधाल तर आयुष्यभर सापडणार नाहीत. 'श' साठी एक्स. नाईक मध्ये शेवटी क्यू-यू-ई. प्रभूचं पोरोबो, सावंतचं सावंतो, पांडुरंगचं पांडुरोंगा, वामनचं वामोना, शेणवीचं सिनाय. एकाच माणसाचं नाव एकाच प्रकरणात दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. म्हणून ओळख नावावरून पटवू नका. बापाचं नाव, जन्मगाव आणि प्रोसेस्सु म्हणजे प्रकरणाचा क्रमांक, तिन्ही जुळली तरच तो माणूस.

---

तळकोकणी (धागाकर्ता)

देव बरें करूं, दोघांचेही. जन्मगाव पेडणे आहे, 'मोरादोर'च्या पुढे आरोंदा वाचता येतंय. 'दिगु' रात्री बघतो. दंडाचं आणि त्या 15 वर्षांचं कोणी सांगेल काय?

---

सातार्ड्याचा पूल

शिक्षेच्या ओळीत चार तुकडे असू शकतात. वेगवेगळे लिहा.

पहिला, कैद. प्रिझांव मायोर म्हणजे मोठी कैद, 2 वर्षांच्या वरची. नुसती प्रिझांव असेल तर छोटी. हा फरक 'सक्तमजुरी' आणि 'साधी कैद' असा मराठीत करू नका, आपल्या दंडविधानातली ती विभागणी वेगळी आहे. 'मोठी कैद' म्हणा नाहीतर मूळ शब्दच ठेवा.

दुसरा, दंड, मुल्ता. तो बऱ्याचदा दिवसांत सांगतात: इतके दिवस, दिवसाला इतका दर. यंत्र ते दिवस कैदेत मिळवून टाकतं. रक्कम 'रुपया' असेल तर तो पोर्तुगीज हिंदुस्थानचा रुपिया, 16 टांगांचा. 1959 पासून तिथे एस्कुदु आला, 1 रुपियाला 6 एस्कुदु. त्यामुळे 1954 च्या निकालात एस्कुदु दिसला तर कागद नंतरची प्रत आहे का तपासा.

तिसरा, तुमची 15 वर्षं: राजकीय हक्कांचं निलंबन. ती कैद नाही. सालाझारच्या राज्यात मजुराला कुठले राजकीय हक्क होते हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. पण अशा माणसाला सरकारी नोकरी, परवाना, दाखला यांची दारं बंद होत आणि पोलिसांची नजर कायम राही.

चौथा, आणि हा सगळ्यांत वाईट, मेदीदाश द सेगुरांसा, सुरक्षेचे उपाय. 1956 च्या फर्मानाने पोर्तुगालात अशी सोय केली की शिक्षा भोगून झाल्यावरही माणूस 'धोकादायक' वाटला तर 6 महिने ते 3 वर्षं आत ठेवायचं, आणि नंतर पुन्हा तीन-तीन वर्षांनी वाढवत जायचं. म्हणजे 2 वर्षांची शिक्षा कागदावर 2 च राहते आणि माणूस 8 वर्षांनी बाहेर येतो. लिस्बन-पोर्तुच्या 'प्लेनारियु' कोर्टांतल्या निकालांत हे सर्रास भेटतं. ती कोर्टं 1945 मध्ये निघाली, खास राजकीय खटल्यांसाठी. तुमच्या 1954 च्या अटकेच्या कागदात हा तुकडा बहुधा नसेल. पोर्तुगालात नेलेल्यांच्या कागदांत मात्र जरूर शोधा.

आणखी दोन खोड्या. एकाच माणसावर दोन-तीन आरोप असले तर प्रत्येकाची शिक्षा लिहून शेवटी कुमुलु जुरीदिकु म्हणून एकत्रित शिक्षा सांगतात. आधीच्या शिक्षांची बेरीज करायची नाही, शेवटची एकच धरायची. दुसरं, अटकेपासून निकालापर्यंतचा काळ. तो निकालात वजा धरलाय की नाही हे वेगळ्या वाक्यात येतं. तुमच्या माणसाला ऑगस्ट 1954 पासून 6 वर्षं म्हणजे ऑगस्ट 1960. तो 1959 च्या शेवटी आला म्हणजे काही सूट मिळाली, किंवा आपण तारीख चुकीची धरतोय. अंदाजाने 'माफी' लिहू नका, रकाना मोकळा ठेवा.

---

वेंगुर्ल्याची लाट

1957 चं मी सांगते. इथे तक्ते हमखास चुकतात, कारण 'सत्याग्रही' या एका शब्दाखाली आपण तीन निराळ्या लोकांना कोंबतो.

एक, ज्यांना सरहद्दीवर पकडून, मारून परत हाकललं. 1955 त मे पासून जथे जात होते, 15 ऑगस्ट 1955 ला तर पत्रादेवी, तेरेखोल आणि इतर नाक्यांवर हजारो लोक शिरले, गोळीबार झाला, माणसं मेली. त्यातल्या बहुतेकांवर खटला कधी झालाच नाही. त्यांचा कोर्टाचा कागद शोधत बसू नका, तो नाहीच. त्यांची नोंद मिळाली तर आपल्या बाजूच्या दवाखान्यांत, पोलीस ठाण्यांत आणि त्या दिवसांतल्या वर्तमानपत्रांत.

दोन, भारतीय नागरिक ज्यांच्यावर खटला चालला. नानासाहेब गोरे 18 मे 1955 च्या जथ्याबरोबर गेले, 10 वर्षं. मधु लिमये जुलैत गेले, 12 वर्षं. त्रिदिब चौधरी खासदार होते, तरी 12 वर्षं. आग्वादच्या किल्ल्यात होते. ही मंडळी 1957 च्या सुरुवातीला सुटली, लिमये-चौधरी सुमारे 19 महिन्यांनी. 10-12 वर्षांचा निकाल आणि दीड वर्षात सुटका, कारण ते परदेशी नागरिक होते आणि जगात बोभाटा झाला होता. 1955 त दिल्ली-लिस्बन संबंध तुटल्यावर भारताच्या वतीने बोलणी इजिप्त करत असे, त्यामुळे या सुटकेच्या सरकारी फायलींत 'इजिप्त' हा शब्द शोधला तर पुष्कळ हाती लागतं. ही गंमत कोणी सांगत नाही.

तीन, गोंयकार. यांना पोर्तुगाल आपलाच नागरिक मानत होतं. बाहेरच्या कुठल्याच सरकारला त्यांच्यासाठी बोलायचा अधिकार पोर्तुगालला मान्य नव्हता. 15 ऑगस्ट 1954 ला आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला, ती सगळी गोव्याचीच माणसं होती, मुद्दाम तशी ठेवली होती. अशांना 1957 ची सुटका लागू झाली नाही. तुमचा माणूस आरोंद्यात राहत असला तरी जन्म पेडण्याचा, म्हणजे कोर्टाच्या लेखी पोर्तुगीज प्रजा. आरोंद्यापुढची नदी ओलांडली की त्याचं नागरिकत्व बदलत होतं, असं म्हणा. तुमच्या तक्त्यात 'जन्मगाव' हा रकाना नाही, तो घालाच. त्याच्याशिवाय सुटकेच्या तारखा कोड्यासारख्या दिसतील.

मोहन रानडे यातल्या कुठल्याच खणात बसत नाहीत. जन्म सांगलीचा, म्हणून भारतीय, पण आझाद गोमंतक दलाचे, सशस्त्र. ऑक्टोबर 1955 मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात जखमी होऊन सापडले, 26 वर्षांची शिक्षा, 1960 मध्ये लिस्बनजवळच्या काशियासच्या तुरुंगात. गोवा 19 डिसेंबर 1961 ला मुक्त झाला आणि रानडे सुटले जानेवारी 1969 मध्ये. राज्य गेलं, शिक्षा चालूच राहिली, कारण लिस्बनच्या हिशेबी गोवा गेलेलाच नव्हता. भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं ते 31 डिसेंबर 1974 च्या तहात. रानड्यांसाठी सुधीर फडके वर्षानुवर्षं खटपट करत होते, आणि मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी 1968 त पोपला भेटून शब्द टाकला होता. गोव्याचेच स्वातंत्र्यसैनिक तेलु मास्करेन्हस तर रानड्यांच्याही नंतर, 1970 त सुटले.

म्हणून 'सुटका' रकान्यात कोणाच्याही पुढे 19 डिसेंबर 1961 अशी तारीख डोळे मिटून भरू नका.

---

पुराभिलेख_प्रेमी

आता कुठे विचारायचं.

पणजीचं पुराभिलेख खातं पहिलं. 1595 पासूनचं दफ्तर आहे ते. वाचनकक्षात अर्ज करावा लागतो, ओळखपत्र लागतं. जाताना नाव एवढंच नेऊ नका: नावाचं पोर्तुगीज स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी, बापाचं नाव, जन्मगाव, अटकेचं वर्ष, आणि प्रकरण क्रमांक असेल तर तो. 'आमच्या आजोबांचे कागद द्या' म्हटलं की रिकाम्या हाताने परत याल, तिथे माणसाच्या नावाने गठ्ठे लावलेले नसतात. गोवा गॅझेटियर खात्याने 1986 मध्ये स्वातंत्र्यसैनिकांची चरित्रसूची छापली आहे. आधी ती पाहा. त्यात अटक, कोर्ट, शिक्षा अशी थोडक्यात नोंद असते. तिच्यातही चुका आहेत, पण शोधाला सुरुवात मिळते.

लिस्बनला 'तोर्र दु तोंबु' या राष्ट्रीय अभिलेखागारात पीदचं, म्हणजे गुप्त पोलिसांचं दफ्तर आहे. त्याची सूची 'डिजिटार्क' वर घरबसल्या पाहता येते. पोर्तुगालात नेलेल्यांसाठी ते उत्तम. गोव्यातच शिक्षा भोगलेल्या मजुरासाठी फार आशा धरू नका.

आपल्या बाजूचे कागद. इथे बहुतेकांचा पाय घसरतो. सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 ला. 1955 च्या कागदांत 'सिंधुदुर्ग' शोधाल तर शून्य. 'रत्नागिरी जिल्हा, मुंबई राज्य' असं शोधा. कारवार आणि बेळगावही 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यातच, त्यामुळे पोळे-माजाळीकडून, म्हणजे कारवारच्या सरहद्दीवरून, गेलेल्या जथ्यांचे मुंबई सरकारकडचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात असू शकतात, बंगळुरात नव्हे. परराष्ट्र खात्याच्या फायली राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' वर इंग्रजी शब्दांनी शोधता येतात.

पेन्शनची फाईल घरात आहे का विचारा. केंद्राची योजना 1972 ची, 1980 मध्ये सैल केली. तिला साधारण 6 महिन्यांचा तुरुंगवास दाखवावा लागे, बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींना 3 महिने. सरकारी नोंद नसेल तर सहबंद्यांचे दाखले चालत. अशा दाखल्यांत एकमेकांच्या तारखा जुळवून घेतलेल्या असू शकतात, माणसं आठवणीवर लिहीत होती. म्हणून कोर्टाचा कागद आणि सहबंदीचा दाखला यांत फरक पडला तर दोन्ही तारखा द्या आणि कुठली कुठून आली ते लिहा.

भाषांतरासाठी पणजी, म्हापसा, मडगावला जुनी खतं वाचणारे लोक अजून भेटतात, जमिनीच्या कामांमुळे. त्यांच्याकडून थेट मराठी अर्थ घेण्याआधी मूळ ओळ न ओळ जशीच्या तशी उतरवून घ्या. नाहीतर खत वाचायची सवय असलेला माणूस 'रेउ' म्हणजे आरोपी याचं सहज 'प्रतिवादी' करून टाकतो.

माहिती अधिकाराचा अर्ज करायचा तर 10 रुपये शुल्क, आणि 20 वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती बहुतांश कलमांखाली नाकारता येत नाही. पण ते खातं तुम्हाला भाषांतर करून देणार नाही, आणि ज्या खात्याकडे कागद नाही त्याला विचारून उपयोग नाही.

---

बांदेकर वकील

एक कायद्याची पुरवणी. कोणी विचारेल की हे निकाल पुढे 'रद्द' झाले का. पोर्तुगालात 25 एप्रिल 1974 ला हुकूमशाही कोसळली आणि दुसऱ्याच दिवशी, 26 एप्रिलच्या फर्मानाने राजकीय गुन्ह्यांना माफी दिली. माफी आणि निकाल रद्द होणं या दोन गोष्टी आहेत. माफीत गुन्हा होता असं धरून शिक्षा सोडतात. जर्मनीने नाझी कोर्टांचे राजकीय निकाल 1998 च्या कायद्याने सरसकट रद्द केले, त्यातलेही काही प्रकार 2002 आणि 2009 पर्यंत लटकत राहिले. तेव्हा तक्त्याखाली 'पुढे निर्दोष मुक्त' असं लिहू नका. निर्दोष सोडलं असेल तर त्या कागदावरच आब्सोल्व्हिदु असं असेल. गैरहजेरीत शिक्षा झाली असेल तर आ रेव्हेलिया.

आणि तुमच्या रकान्यांत 'गुन्हा' असं शीर्षक असेल तर ते बदला. 'कोर्टाने लावलेला आरोप' करा. त्याखाली कागदातलाच शब्द लिहा.

---

मोडीवाला

वकीलसाहेबांशी सहमत. शिवाय त्या आरोपात 'बंड', 'राज्याच्या सुरक्षेविरुद्ध' असे मोठाले शब्द असतील आणि प्रत्यक्ष कृत्य चार ओळी खाली: पत्रकं बाळगली, घोषणा दिली. दोन्ही लिहा, शेजारी शेजारी.

---

तळकोकणी (धागाकर्ता)

कागद भिंगाखाली धरला. ओळ अशी आहे: 'ओइतु दिगु सेइश आनुश'. म्हणजे 6. घरचे बरोबर, आणि कागदही बरोबर, मोबाईल तेवढा चुकला. धंद्याच्या जागी शेवट 'एइरु' असाच आहे, मजूर. दंड 'दियश' मध्ये आहे, त्यापुढचा दर पुसट आलाय, मूळ प्रत मागवतोय.

तक्त्यात जन्मगाव आणि राहतं गाव असे दोन रकाने केले. लगेच एक प्रकार दिसला: यादीतल्या 11 जणांत 1957 नंतर सुटलेले 3, आणि तिघांचीही जन्मगावं नदीच्या पलीकडची. सुटकेच्या तारखेचा रकाना या माणसापुरता मोकळा ठेवला आहे. पणजीला जायचं ठरतंय, सावंतो आणि सावंत अशी दोन्ही स्पेलिंगं लिहून नेतो.

---

पुराभिलेख_प्रेमी

बापाच्या नावाचीही दोन स्पेलिंगं न्या. आणि झेरॉक्स नको, मोबाईलवर कागदाच्या दोन्ही बाजूंचे फोटो. मागच्या बाजूला तुरुंगाची आवक नोंद आणि शिक्का असेल तर निम्मं काम तिथेच होतं.